एक्सएमएलमधून पीडीएफ काढायला लागणारी ३८ मिनिटं ७ वर कशी आणली

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका पंपांच्या कारखान्यात मी गेली अकरा वर्षं मॅन्युअल्स करते. आमच्याकडे नियम असा, की छापील मॅन्युअल आत गेल्याशिवाय पंपाच्या खोक्याला खिळे ठोकायचे नाहीत. त्यामुळे शेवटच्या घटकेला एखादा पार्ट नंबर बदलला, की सगळ्यांचे डोळे माझ्या टेबलाकडे लागतात. गेटपाशी ट्रक उभा, आणि डिस्पॅचचे भाई दर पाच मिनिटांनी दारात येऊन विचारणार, ‘बेन, पीडीएफ नीकळी?’ बदल एका आकड्याचा, पण ६४० पानांची पीडीएफ निघायला लागायची ३८ मिनिटं. त्यात पार्ट नंबर पुन्हा चुकला तर आणखी ३८.

आता तेच मॅन्युअल त्याच कॉम्प्युटरवर ७ मिनिटांत निघतं. नवीन मशीन घेतलं नाही, पैसे देऊन कुठलं सॉफ्टवेअरही आणलं नाही. काय काय केलं ते इथे लिहून ठेवते, कारण मला हे सगळं एका ठिकाणी, आपल्या भाषेत कुठे सापडलं नव्हतं.

आमची मॅन्युअल्स डिटामध्ये लिहिलेली आहेत, म्हणजे मजकुराचे छोटे तुकडे (टॉपिक) टॅग लावून एक्सएमएल फाइलींत ठेवायच्या पद्धतीत; आणि पीडीएफ डिटा ओपन टूलकिट आणि अपॅची फॉप ही दोन फुकट सॉफ्टवेअर मिळून काढतात. तुमच्याकडे डॉकबुक ही दुसरी एक्सएमएल पद्धत असेल किंवा कंपनीनं स्वतःच ठरवलेली एक्सएमएल असेल, तरी वाट एक्सएसएल-एफओची (पानाची मांडणी सांगणारी एक्सएमएल) असली, तर यातलं बहुतेक सगळं तुम्हालाही लागू पडेल.

आधी घड्याळ लावा

माझी पहिली दोन वर्षं इथेच वाया गेली. पीडीएफ हळू निघते म्हणजे कॉम्प्युटर हळू आहे, असं मी धरून चालले. रॅम वाढवून मागितली, मिळाली, आणि फरक पडला जेमतेम दीड मिनिटाचा.

पीडीएफ एका दमात निघत नाही. आधी टूलकिट सगळे टॉपिक गोळा करते, दुवे जुळवते, फिल्टर लावते आणि शेवटी सगळ्याची एक मोठी एक्सएमएल फाइल करते. मग स्टाइलशीट, म्हणजे रूपांतराचे नियम लिहिलेली फाइल, त्या फाइलचं रूपांतर एफओमध्ये करते. म्हणजे कुठला मजकूर कुठल्या अक्षरात, किती समासात, हे सांगणारी दुसरी एक एक्सएमएल तयार होते. तिसऱ्या टप्प्यात फॉप ती एफओ वाचून पानं पाडतो आणि पीडीएफ लिहितो. तीन कामं, तीन वेगळे कारागीर. उशीर नेमका कोणाकडून होतोय हे कळल्याशिवाय कोणालाही बोल लावण्यात अर्थ नाही.

मोजायची पद्धत अशी. टूलकिटला क्लीन डॉट टेम्प या सेटिंगची किंमत ‘नो’ द्या, म्हणजे काम संपल्यावर टेम्प फोल्डर पुसला जात नाही. मग त्यात दोन फाइली शोधा: एक, जिच्या नावात मर्ज्ड असं आहे ती, आणि दुसरी टॉपिक डॉट एफओ. दोन्हींच्या वेळा बघा. रन सुरू केल्यापासून पहिली फाइल तयार होईपर्यंत पहिला टप्पा, तिथून एफओपर्यंत दुसरा, उरलेला सगळा फॉपचा. टॉपिक डॉट एफओ हातात आली की पुढे फॉप एकटा चालवता येतो. चित्रांचे किंवा फॉन्टचे प्रयोग करताना पहिले दोन टप्पे दर वेळी भोगावे लागत नाहीत.

माझे आकडे निघाले: ७ मिनिटं, ९ मिनिटं, २२ मिनिटं. हे एका वहीत लिहिलं. पुढे प्रत्येक बदलानंतर त्याच वहीत तारीख, काय बदललं आणि तीन आकडे. एका वेळी एकच बदल करा. दोन एकदम केले तर कशानं फरक पडला ते कळत नाही, आणि एकानं मिळवलेलं दुसऱ्यानं घालवलं असलं तर तेही कळत नाही.

मांडवीपासून घरं मोजत येणं

सगळ्यात जास्त शिकवलं ते मधल्या टप्प्यानं, म्हणून ते आधी सांगते.

आमच्या मॅन्युअलमध्ये १,१८० आकृत्या आहेत. ‘आकृती ४१२’ हा क्रमांक स्टाइलशीट छापते. आमची स्टाइलशीट पूर्वी बाहेरच्या एका माणसानं करून दिली होती, आणि त्यात प्रत्येक आकृतीचा क्रमांक काढायला ‘माझ्या आधी दस्तऐवजात किती आकृत्या येऊन गेल्या ते मोज’ अशी ओळ होती. एक्सपाथ, म्हणजे एक्सएमएलमधला नेमका भाग शोधायची भाषा, तिच्यात प्रिसीडिंग (आधीचं सगळं) नावाचा अक्ष असतो, तो वापरून. लिहायला एक ओळ, दिसायला सरळ, उत्तरही बरोबर.

पण ते काम कसं चालतं बघा. मी दांडिया बाजारात राहते. समजा माझ्या दाराला नंबरची पाटीच नाही, आणि कुणी पत्ता विचारला की दर वेळी मांडवीपर्यंत जाऊन तिथून एकेक घर मोजत परत यायचं. शेजारणीला विचारलं, तिनंही तेच करायचं. आमच्या एकत्र झालेल्या फाइलमध्ये साधारण २ लाख नोड (टॅग, मजकूर असे सुटे घटक) आहेत. एका आकृतीमागे सरासरी १ लाख नोड मागे जाऊन तपासायचे, आणि आकृत्या १,१८०. म्हणजे ११ कोटी ८० लाख तपासण्या. त्यावर कडी म्हणजे मजकुरात जिथे जिथे ‘आकृती ४१२ पाहा’ असा दुवा होता, तिथेही तीच मोजणी पुन्हा पहिल्यापासून. असे दुवे आमच्याकडे ३,००० च्या वर आहेत.

उपाय पाटी लावण्याचा. मुख्य रूपांतराच्या आधी एक छोटी फेरी घाला, जी सगळ्या आकृत्या एकदाच ओळीनं मोजेल आणि प्रत्येकीच्या टॅगवर क्रमांक अॅट्रिब्यूट म्हणून लिहून ठेवेल. दुव्यांसाठी एक्सएसएलटीमध्ये, म्हणजे स्टाइलशीट लिहायच्या भाषेत, ‘की’ नावाची सोय आहे. आयडी दिला की ती आकृती थेट हातात येते, सगळी फाइल धुंडाळावी लागत नाही. मग दुव्यानं फक्त तिथली पाटी वाचायची. तक्ते, सूचना, पायऱ्या, ज्यांना ज्यांना क्रमांक आहे त्या सगळ्यांना हेच करा.

अशी जागा शोधायची कशी? रूपांतर चालवायला सॅक्सन हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याला टी-पी नावाचा पर्याय देता येतो. तो दिला की रूपांतर झाल्यावर एक अहवाल मिळतो: कुठलं टेम्प्लेट (स्टाइलशीटमधला एकेक नियम) किती वेळा चाललं आणि त्यात किती वेळ गेला. मी तो पहिल्यांदा उघडला तेव्हा सगळ्यात वर आकृतीच्या शीर्षकाचं टेम्प्लेट होतं, आणि त्याच्या खालच्या सगळ्यांची बेरीजसुद्धा त्याच्याएवढी नव्हती. अहवालात जे वर दिसेल त्यात दोन गोष्टी शोधा. एक म्हणजे प्रिसीडिंग किंवा फॉलोइंग. दुसरी, सुरुवातीलाच दोन तिरक्या रेघा असलेला एक्सपाथ, कारण त्याचा अर्थ ‘अख्खी फाइल पालथी घाल’ असा होतो, आणि तो एखाद्या वारंवार चालणाऱ्या टेम्प्लेटमध्ये बसला असेल तर तिथेच वेळ जातो. तो शोध वर एकदा करून व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा.

या एका दुरुस्तीनं ९ मिनिटांचं एक मिनिट झालं.

फॉपकडे काय पाठवतोय

फॉपच्या २२ मिनिटांतली निम्मी चित्रांची होती. आमचे फिटर मोबाइलवर फोटो काढून पाठवतात: ४,००० बाय ३,००० पिक्सेल. पानावर तो फोटो छापला जातो ८० मिलिमीटर रुंद. ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) हिशेब केला तर ८० मिलिमीटरला ९४५ पिक्सेल पुरतात. बाकी सगळं ओझं.

यात एक बारकावा आहे, जो मला उशिरा कळला. जेपीईजी असेल तर फॉप ते साधारणपणे उघडत नाही, जसंच्या तसं पीडीएफमध्ये ठेवतो; त्यानं फाइल फुगते, पण वेळ फारसा जात नाही. वेळ जातो तो पारदर्शक थर असलेल्या पीएनजीत. कंट्रोल पॅनेलच्या स्क्रीनचे सगळे शॉट आमच्याकडे अशाच पीएनजीमध्ये होते. त्या प्रत्येकाला फॉप पूर्ण उलगडतो, रंग वेगळे आणि पारदर्शकता वेगळी करतो आणि पुन्हा दाबून बसवतो. १२ मेगापिक्सेलचं एक चित्र उलगडलं की मेमरीत ३६ एमबी होतं, पारदर्शकता धरली तर ४८. स्क्रीनशॉटला पारदर्शकतेचं काहीच काम नाही. पांढऱ्यावर सपाट करा, पानावरच्या मापाला आणा.

इमेजमॅजिकच्या मॉग्रिफाय कमांडनं सगळा फोल्डर एका झटक्यात होतो. पण ही कमांड मूळ फाइलवरच लिहिते, म्हणून मूळ चित्रं दुसरीकडे ठेवून कॉपीवरच चालवा. मूळ फोटो लागतोच. कधीतरी कोणीतरी म्हणतं, तो सीलचा भाग जरा मोठा करून दाखवा.

एसव्हीजीची, म्हणजे रेघांनी बनलेल्या चित्रांची, गोष्ट वेगळी. कॅडमधून निघालेल्या उकललेल्या आकृतीत, म्हणजे ज्यात पंपाचे भाग एका रेषेत सुटे करून दाखवतात, त्यात आमच्याकडे एकेका फाइलमध्ये लाखाच्या वर रेघा होत्या. इम्पेलरच्या मागे लपलेल्या रेघा, थ्रेडचा एकेक आटा, सगळं. फॉप हे काम बॅटिक या लायब्ररीकडून करून घेतो आणि एकेक रेघ काढत बसतो. डिझाइनच्या पोरांना मी खुर्ची घेऊन शेजारी बसवलं आणि दाखवलं, की ही एक आकृती ४० सेकंद घेते. त्यांनी एक्स्पोर्ट करताना लपलेल्या रेघा बंद केल्या, आटे साधे केले. पान आधीपेक्षा स्वच्छ दिसायला लागलं, ते वेगळंच.

मग सुट्या भागांची यादी. १४० पानं, ३,१०० ओळी, एकच तक्ता. फॉप पानं कुठे तोडायची ते मजकुराचा मोठा पट्टा एकदम समोर घेऊन ठरवतो. मध्ये सक्तीचा पानबदल आला, की तिथपर्यंतचा हिशेब मिटतो. पट्टा जितका लांब तितकी डोकेफोड जास्त. शिवाय आमच्या प्रत्येक ओळीला ‘ही ओळ तुटता कामा नये’ अशी सक्त ताकीद होती, आणि काही रकान्यांच्या पोटात दुसरे छोटे तक्ते. मी यादी असेंब्लीप्रमाणे तोडली: केसिंग, रोटर, बेअरिंग, सील. प्रत्येक असेंब्ली नव्या पानावर, स्वतंत्र पेज-सिक्वेन्समध्ये (एफओमधला पानांचा गट). पोटातले तक्ते काढले. रकान्यांच्या रुंदी आकड्यात लिहिल्या. फॉप रुंदी आपोआप ठरवतच नाही, त्यामुळे त्याच्यावर सोडून काही मिळत नाही. भाग शोधणाऱ्या मेकॅनिकलाही आता बोट ठेवत १४० पानं चाळावी लागत नाहीत.

आणखी एक छोटी गोष्ट, फळ मोठं. आमच्या प्रत्येक पानाच्या तळाशी ‘पृष्ठ १२ / ६४०’ असं यायचं. तो ६४० शेवटचं पान पडेपर्यंत फॉपला माहीतच नसतो. म्हणून आधीची सगळी पानं तो मेमरीत अर्धवट धरून ठेवतो. अनुक्रमणिकेतही पुढच्या पानांचे आकडे लागतात, पण ती दहा-बारा पानं असतात. इथे सगळीच्या सगळी अडकतात. एकूण पानसंख्या मी तळातून काढली आणि मुखपृष्ठाच्या मागे एकदाच छापली. तो आकडा तिथे स्टाइलशीट नाही, मी हातानं घालते.

अक्षरांच्या बाबतीत सावध

फॉपच्या कॉन्फिग फाइलमध्ये फॉन्ट आपोआप शोधायचं सेटिंग असेल, तर तो सिस्टिमवरचे सगळे फॉन्ट धुंडाळायला निघतो. डीटीपीसाठी वापरलेल्या कॉम्प्युटरवर असे शेकडो असतात. आपल्याला लागतात ते चार-पाच. त्यांचे पत्ते स्वतः लिहा आणि शोध बंद करा.

दुसरं सेटिंग कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचं. २०१२ साली आलेल्या १.१ आवृत्तीपासून फॉपला देवनागरी, गुजराती, अरबी अशा लिप्या नीट जुळवता येतात. ही सोय आपोआप चालू असते आणि तिला वेळ लागतो. निव्वळ इंग्रजी मॅन्युअल काढायचं असेल तर ती बंद करता येते. कमांडवर एन-ओ-सी-एस हा पर्याय द्या किंवा कॉन्फिगमध्ये लिहा. आमच्या इंग्रजी पुस्तकाचं यानं आणखी मिनिटभर वाचलं.

पण इथे मला थांबवून सांगायचंय. हे बंद ठेवून चुकून गुजराती, हिंदी किंवा मराठी पीडीएफ काढलीत, तर कुठलीही एरर येत नाही. पीडीएफ निघते, पानं भरतात, लांबून सगळं ठीक दिसतं. जवळून बघा: ‘विद्युत’ मधली पहिली वेलांटी व च्या आधी यायची, ती नंतर येते, आणि द्यु चं जोडाक्षर न होता द, हलन्त, य आणि उकार सुटे पडतात. आमच्याकडे हे टर्मिनल बॉक्सच्या धोक्याच्या सूचनेवर झालं होतं. ज्या माणसाला ती सूचना वाचून मेन स्विच बंद करायचा आहे, त्याला ते वाचताच आलं नसतं. छपाईला जायच्या आधी दिसलं म्हणून निभावलं. तेव्हापासून भाषेप्रमाणे दोन वेगळ्या कॉन्फिग फाइली आहेत आणि कुठली लावायची ते स्क्रिप्ट मॅपमधली (कुठले टॉपिक कुठल्या क्रमानं घ्यायचे ते सांगणाऱ्या फाइलीतली) भाषा वाचून ठरवते, माणूस नाही.

पहिल्या टप्प्यातली सात मिनिटं

इथे जादू काही नाही, सफाई आहे. टूलकिट या टप्प्यात हजारो छोट्या फाइली टेम्प फोल्डरमध्ये पुन्हा पुन्हा लिहिते आणि वाचते. आमचा टेम्प फोल्डर सर्व्हरच्या सामायिक ड्राइव्हवर होता. तो स्वतःच्या एसएसडीवर आणला. अँटीव्हायरस प्रत्येक छोटी फाइल तपासत होता. आयटीवाल्यांना लेखी विनंती करून तेवढा एक फोल्डर वगळून घेतला. टूलकिट ३.६ किंवा पुढची असेल तर पॅरलल आणि स्टोअर-टाइप अशी दोन सेटिंग आहेत: पहिलं कामं एकाच वेळी चालवतं, दुसऱ्याला मेमरी अशी किंमत दिली की फाइली डिस्कऐवजी मेमरीत राहतात. जुने स्वतः केलेले प्लगइन असतील तर दुसरं सेटिंग जपून लावा, त्यांना फाइल डिस्कवरच सापडायची सवय असते.

आणि नेटवर्क. आमच्या जुन्या फाइलींच्या डोक्यावर डीटीडीचा, म्हणजे कुठले टॅग कुठे चालतात ते सांगणाऱ्या नियमफाइलीचा, इंटरनेटवरचा पत्ता होता, आणि एक जुनी स्क्रिप्ट दर फाइलीला तो पत्ता गाठायला बाहेर जायची. सकाळी आठला चटकन, अकरानंतर रडत. हा रोग जगभर आहे: २००८ साली वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं जाहीर केलं होतं, की त्यांच्या सर्व्हरवर डीटीडीसाठी दिवसाला १३ कोटींपर्यंत मागण्या येतात. औषध म्हणजे एक्सएमएल कॅटलॉग, जो सांगतो की हा पत्ता दिसला की बाहेर न जाता इथली कॉपी वाच. परीक्षा सोपी आहे. नेटवर्कची केबल काढा आणि पीडीएफ काढा. अडली, तर तुमची स्क्रिप्ट बाहेर जातेय.

ही सॉफ्टवेअर जावावर चालतात, म्हणून जावाच्या मेमरीबद्दल थोडक्यात. डिटा टूलकिटला ती एएनटी-ऑप्ट्स या व्हेरिएबलमधून देतात. कमी दिली तर प्रोसेसर शंभर टक्के दिसतो आणि काम पुढे सरकत नाही, कारण सगळा वेळ केर काढण्यात, म्हणजे वापरून झालेली मेमरी मोकळी करण्यात जातो. मशीनच्या रॅमएवढी दिली तर विंडोज डिस्कवर अदलाबदल करायला लागतं, ते त्याहून वाईट. माझ्या १६ जीबीच्या मशीनवर ४ जीबी दिली आहे. चित्रं आणि ‘६४० पैकी’ सुधारल्यावर तेवढीही लागत नाही. म्हणून मेमरी शेवटी वाढवा. आधी वाढवली तर रोग झाकला जातो.

रोजच्या कामासाठी

लिहिताना अख्खं पुस्तक काढूच नका. मी प्रत्येक प्रकरणाचा एक छोटा मॅप करून ठेवला आहे. बेअरिंगचं प्रकरण बदललं की तेवढंच काढते, ३० सेकंदांत पान समोर येतं. बाहेरच्या प्रकरणांचे दुवे त्यात तुटलेले दिसतात, ते चालतं. चार भाषांची पूर्ण पुस्तकं रात्री निघतात, चार वेगळ्या प्रक्रियांत. प्रत्येकीचा टेम्प फोल्डर वेगळा ठेवा. एकच ठेवलात तर एकीच्या फाइली दुसरी पुसते, आणि गुजराती पुस्तकात हिंदी प्रकरण निघतं.

फॉप सोडून पैशाचा फॉर्मॅटर (एफओची पानं पाडणारं विकतचं सॉफ्टवेअर) घ्यावा का, असं मला बरेच जण विचारतात. काही फॉर्मॅटर वेगवान आहेत, तक्तेही चांगले हाताळतात. पण तुमची ९ मिनिटं स्टाइलशीटमध्ये जात असतील, तर तो फॉर्मॅटर ती वाचवणार नाही. आधी वहीतले तीन आकडे बघा.

प्रत्येक बदलानंतर जुनी आणि नवी पीडीएफ शेजारी शेजारी उघडून तपासा: एकूण पानं, अनुक्रमणिकेतले आकडे, शेवटच्या आकृतीचा क्रमांक. आकृती १,१८० आधीही १,१८० होती आणि आताही असली, तर पाट्या बरोबर लागल्या. गुजराती आणि हिंदीची धोक्याच्या सूचनांची पानं मात्र मी पडद्यावर तपासत नाही. ती छापते, शॉपफ्लोअरवर नेते आणि असेंब्लीच्या काकांना मोठ्यानं वाचायला सांगते. ते न अडखळता वाचतात, तेव्हाच डिस्पॅचच्या भाईंना फोन करते, की खिळे ठोका.